दोष माहेरच्या रक्ताचा नव्हता

दर वेळी आम्ही बचत, कर्ज, हप्ते, एखादा नवा धंदा यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज रक्ताचा इतिहास सांगणार आहोत. तो आम्हाला का शोधावा लागला, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक ताई सारखी थकायला लागली. भांगलणीला गेली की बांधावर बसून राहायची. डाव्या बाजूला बरगड्यांखाली जड वाटायचं, रात्री घाम यायचा, वजन उतरलेलं. तालुक्याला रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर. निरोगी माणसात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. मग शहरातला मोठा दवाखाना, आणखी तपासण्या. शेवटी आजाराचं नाव कळलं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. आपल्या भाषेत रक्ताचा कॅन्सर.

डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि सांगितलं, घाबरू नका, ही गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सात पिढ्यांत असं कुणाला नाही. हे तिच्या माहेरचं रक्त." ही गोष्ट गावभर झाली. ताईची आई लेकीकडे यायची बंद झाली. घरात नणंदेच्या लग्नाची बोलणी चालली होती. पाहुणे येणार म्हणून ताईने गोळ्यांची पाकिटं धान्याच्या कणगीमागे लपवली. आधी दोन दिवस गोळी चुकली, मग आठवडा, मग दोन महिने. बरंही वाटत होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडे चढलेले.

त्या वेळी गटातल्या आम्ही दोघी तिच्यासोबत गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर दोन काठ्या काढल्या, एक लांब, एक आखूड. एकीवर ९ लिहिलं, दुसरीवर २२. दोन्हींची टोकं तोडून अदलाबदल करून दाखवली आणि म्हणाले, "हे हिच्या हाडाच्या मगजात एका पेशीत घडलं. जन्मानंतर घडलं. हे आईकडून आलेलं नाही, आणि हिच्या मुलांकडेही जाणार नाही." ताई तिथेच रडायला लागली. आम्ही तो कागद मागून घेतला. तेव्हापासून या दोन काठ्यांची गोष्ट आम्ही शोधत गेलो. ती अशी आहे.

पांढरं रक्त

१८४५ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जॉन ह्यूज बेनेट आणि जर्मनीतल्या बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्खो या दोन डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, सारखाच आजार नोंदवला. रुग्ण थकून थकून गेलेले, प्लीहा खूप वाढलेली, आणि मृत्यूनंतर पाहिलं तर रक्तात पांढऱ्या पेशींचा नुसता पूर. बेनेटना वाटलं रक्तात पू झाला. विर्खो म्हणाले, पू नव्हे, हा रक्ताचाच आजार. १८४७ मध्ये त्यांनी त्याला ल्युकेमिया हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पांढरं रक्त.

नाव मिळालं, पण कारण शंभर वर्षं मिळालं नाही. त्या काळात सोमल देऊन पाहिला, क्ष-किरण देऊन पाहिले, १९५० नंतर काही नवी औषधं आली. त्यांनी पेशींचा आकडा खाली यायचा, पण आजार आत चालूच राहायचा. काही वर्षांत तो उसळायचा आणि मग कुणाच्या हातात काही राहायचं नाही. कारण माहीत नसलं की माणूस दोष शोधतो. कुणी नशिबाला देतो, कुणी सुनेच्या माहेराला.

नळाचं पाणी

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. आई-वडिलांकडून आलेली शरीराची सगळी माहिती त्यांच्यात असते. ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या, हे पक्कं ठरलं ते १९५६ साली. त्याआधी कित्येक वर्षं पुस्तकांत ४८ लिहिलेलं असायचं. पेशीत ती इतकी गुंतलेली असतात की मोजताच येत नव्हती.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल नावाचे डॉक्टर ल्युकेमियाच्या पेशी काचेवर पाहत होते. त्यांनी काचा साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. पाण्याने पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. मळ्याच्या मातीतली ढेकळं पाण्याने सुटावी तशी. नोवेल यांना गुणसूत्रांची फारशी माहिती नव्हती. म्हणून त्यांनी डेव्हिड हंगरफोर्ड या तरुण अभ्यासकाला सोबत घेतलं. हंगरफोर्डला त्यात एक गुणसूत्र फारच आखूड दिसलं.

पहिले रुग्ण पुरुष होते, त्यामुळे हे पुरुषांचं वाय गुणसूत्र बिघडलं असावं असं आधी वाटलं. पुढे बायकांच्या पेशींतही तेच आखूड गुणसूत्र दिसलं. १९६० साली त्यांनी सात रुग्णांची माहिती छापली: पाच पुरुष, दोन स्त्रिया, आणि सातही जणांत तोच खुणेचा तुकडा. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. कॅन्सरच्या मुळाशी पेशीतला एक ठराविक बदल आहे, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. पण त्या गुणसूत्राचा उरलेला भाग गेला कुठे? बारा वर्षं सगळे समजत होते की तो तुटून हरवला.

जेवणाच्या टेबलावरचं काम

तो तुकडा सापडला एका बाईला. जॅनेट राउली यांचा जन्म १९२५ साली न्यू यॉर्कचा. एकोणिसाव्या वर्षी त्यांना शिकागो विद्यापीठात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, पण ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी तीनच जागा होत्या आणि त्या भरल्या होत्या. म्हणून नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लग्न झालं. पुढे चार मुलगे. मुलं मोठी होईपर्यंत त्यांनी आठवड्यातले तीन-चार दिवसच काम केलं. त्यातलं एक काम डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात होतं. त्या मुलांमध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त असतं, हे १९५९ साली कळलं. गुणसूत्रांची ओढ त्यांना तिथून लागली.

पतीला कामानिमित्त इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला जायचं होतं. बाईही गेल्या, आणि तिथे रिकाम्या न बसता गुणसूत्रं पाहायला शिकल्या. परत आल्यावर शिकागोच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शक, थोडी जागा आणि थोडा पगार दिला. १९७० मध्ये पुन्हा ऑक्सफर्ड. तोवर गुणसूत्रांवर खास रंग चढवून पट्टे दाखवायची पद्धत निघाली होती. आपल्या लुगड्याच्या काठावरून जसं ते कुठल्या पेठेचं ते ओळखू येतं, तसं पट्ट्यांवरून प्रत्येक गुणसूत्र ओळखू येऊ लागलं.

बाई गुणसूत्रांचे फोटो घरी आणायच्या. जेवणाच्या टेबलावर ते कात्रीने कापायचे, जोड्या लावायच्या, फरक शोधायचा. मुलांना ताकीद असायची की इथे शिंकू नका. मुलं म्हणायची, आमची आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते. असं खेळता खेळता १९७२ मध्ये त्यांनी एका प्रकारच्या ल्युकेमियात ८ आणि २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल पाहिली. मग फिलाडेल्फिया गुणसूत्राचे फोटो घेतले. २२ नंबरचं आखूड होतंच. पण ९ नंबरचं जरा लांब होतं. म्हणजे तुकडा हरवला नव्हता, तो दुसऱ्याच्या घरी जाऊन बसला होता. १९७३ साली हे छापून आलं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर काढलेल्या दोन काठ्या त्या याच.

हे वाचून आमच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "अगं, म्हणजे आपण भाजी निवडतो तिथं बसून तिनं हे केलं?" हो मावशी, तिथेच.

दोन वह्यांची गोष्ट

गटात आम्ही हे वह्यांवरून समजावतो. समजा गटाच्या ४६ वह्या आहेत. रोज नवी पेशी तयार होते तेव्हा सगळ्या वह्यांची नक्कल होते. एके दिवशी ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या वहीची शेवटची पानं फाटली आणि शिवणाऱ्याने ती उलटी शिवली. ९ ची पानं २२ मध्ये, २२ ची ९ मध्ये. जिथे टाका पडला तिथे अर्धं वाक्य एका वहीचं आणि अर्धं दुसरीचं जोडलं गेलं. मूळ वाक्य होतं, गरज असेल तेव्हा पेशी वाढवा, मग थांबा. नव्या वाक्यात 'थांबा' राहिलंच नाही. त्या एका पेशीच्या लेकी, नातवंडं, पणतवंडं सगळी तेच चुकीचं वाक्य वाचत वाढत राहतात. हाच तो आजार.

आता नीट ऐका. ही चूक हाडाच्या मगजातल्या एका पेशीत, माणसाच्या हयातीत होते. स्त्रीबीजात किंवा पुरुषबीजात ती नसते. म्हणून ती माहेरकडून येत नाही, सासरकडून येत नाही, पुढच्या पिढीत जात नाही. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. चूक का होते? मोठ्या प्रमाणात किरणोत्सर्ग झाला तर धोका वाढतो, हे हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांत दिसलं. पण बहुतेक रुग्णांत दाखवता येईल असं कारण नसतं. लाखो वेळा नक्कल होताना एकदा चूक होते, इतकंच.

सगळंच असं असतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. काही फरक जन्मापासून असतात आणि त्यांचा रक्ताच्या कॅन्सरशी संबंध असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना ल्युकेमियाचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, जरी त्यातल्या बहुतेकांना तो होत नाही. काही थोड्या कुटुंबांत कॅन्सरचा धोका वाढवणारं जनुक खरोखर पिढ्यांमधून येतं. आणि काही जन्मजात फरक औषध पचवण्याचे असतात. लहान मुलांच्या ल्युकेमियात मर्कॅप्टोप्युरिन नावाचं औषध देतात. ते गर्ट्रूड एलियन या बाईंच्या संशोधनातून १९५०च्या सुमारास निघालं, आणि पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या आशिया खंडातल्या बऱ्याच लोकांत असा एक जनुकीय फरक असतो की या औषधाचा नेहमीचा डोस त्यांना झेपत नाही, पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात. डॉक्टरांना ते कळलं तर डोस कमी करून मूल सुखरूप राहतं. म्हणून डॉक्टरांनी घराण्यातल्या आजारांबद्दल विचारलं तर लपवू नका. तो प्रश्न दोष ठरवायला नसतो, डोस आणि तपासणी ठरवायला असतो.

कुलपात बसलेली गोळी

चुकीचं वाक्य सापडलं, तर ते वाक्य थांबवता येईल का? १९८० च्या दशकात त्या टाक्याच्या जागी कोणती दोन जनुकं जोडली गेलीत ते कळलं. त्यांची नावं बी.सी.आर. आणि ए.बी.एल. त्यांच्यापासून बनणारं प्रथिन पेशीला सतत 'वाढ' म्हणून सांगतं, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा एका खोबणीतून घेतं. स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या खोबणीत घट्ट बसेल असं रसायन बनवलं. कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी, म्हणजे खरी किल्ली आत जात नाही, तसं. अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी ते पेशींवर तपासलं आणि माणसांवर चाचणी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले. कंपनी कचरत होती, कारण या आजाराचे रुग्ण थोडे, म्हणजे धंदा थोडा.

१९९८ च्या जूनमध्ये चाचणी सुरू झाली. जुन्या औषधाने न सुधारलेल्या ज्या ५४ रुग्णांना पुरेसा डोस मिळाला, त्यांतल्या ५३ जणांचं रक्त सुधारलं. बातमी पसरली, पण औषध पुरेना. तेव्हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका रुग्ण तरुणीने हजारो सह्या गोळा करून कंपनीकडे पाठवल्या की औषध जास्त बनवा. आपल्याला सह्यांची ताकद माहीत आहे. गावातल्या दारूबंदीसाठी आपणही दारोदार फिरलोय. कंपनीने उत्पादन वाढवलं. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. औषधाचं नाव इमॅटिनिब.

मुंबई ते दिल्ली

औषध आलं, पण किंमत? कंपनीच्या ग्लिवेक या गोळ्यांचा भारतातला खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. काही रुग्णांना कंपनी त्या मोफतही देत होती, पण तो तिच्या मर्जीचा मामला. भारतीय कंपन्यांची तीच गोळी महिन्याला ८ ते १० हजारांत पडायची. नोव्हार्टिस कंपनीने भारतात पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर स्वस्त गोळी बंद झाली असती. तेव्हा मुंबईतली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था विरोधात उभी राहिली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सात वर्षं वेगवेगळ्या पायऱ्यांवर खटला चालला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जुन्याच औषधात थोडा बदल केला आणि त्याचा गुण वाढल्याचं दाखवता आलं नाही, तर पेटंट मिळणार नाही. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते आफताब आलम, दुसऱ्या मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या रंजना देसाई.

आमच्या ताईच्या कणगीमागे लपलेली गोळी इतका प्रवास करून आलेली होती. एडिंबरा, बर्लिन, फिलाडेल्फिया, शिकागोचं जेवणाचं टेबल, आणि दिल्लीचं न्यायालय. आणि आपण ती पाहुण्यांच्या भीतीने लपवत होतो.

आता काय करायचं

पूर्वी हा आजार झालेले बरेच रुग्ण पाच-सहा वर्षांत दगावायचे. इमॅटिनिबच्या मोठ्या चाचणीत ज्यांना पहिल्यापासून हे औषध दिलं, त्यांतले १०० पैकी सुमारे ८३ जण दहा वर्षांनंतर हयात होते. पण हे रोज गोळी घेणाऱ्यांचं आहे. गोळी चुकली की चुकीचं वाक्य पुन्हा वाचलं जातं, आणि कधी कधी पेशी त्या गोळीला दाद देईनाशा होतात. मग दुसरी औषधं आहेत, पण ती महाग. म्हणून बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने थांबवू नका. काही रुग्णांची गोळी अनेक वर्षांनी थांबवतातही, पण ते डॉक्टर तपासण्या बघून, देखरेखीखाली ठरवतात. ठरलेल्या वेळी रक्ताची तपासणी करा. आणि लेकीसुनांनो, दिवस राहण्याचा विचार असेल, किंवा राहिले असतील, तर लगेच डॉक्टरांना सांगा. या गोळीने पोटातल्या बाळाला धोका असतो, अंगावर पाजतानाही ती चालत नाही. वेळ आधी ठरवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने हे निभावता येतं.

आमच्या ताईने पुन्हा गोळी सुरू केली. आता पाकीट देव्हाऱ्याशेजारी उघड्यावर असतं. रात्री जेवणानंतर सासूबाईच विचारतात, "घेतलीस का?" त्यांना काय काय समजलं ते आम्हाला ठाऊक नाही, पण नणंदेचं लग्न झालं, आणि पाहुण्यांना आजाराची गोष्ट आधीच सांगून झालं.

तिच्या आईकडे आम्ही दोघी मुद्दाम गेलो. गटाच्या दोन जुन्या वह्या नेल्या आणि पानं फाडून, उलटी लावून दाखवली. आई बराच वेळ वह्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडून गेलं नाही ना?" आम्ही म्हटलं, "नाही, मावशी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि पुढच्या आठवड्यात त्या लेकीकडे गेल्या.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एवढं करा: वह्यांची गोष्ट सांगा, आणि आज गोळी घेतली का ते विचारा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.